सुरुवातीचे पाच कोण? कॉलेज बास्केटबॉल संघाचा अंदाज बांधायला शिकताना

ऑक्टोबर लागला की आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटतो. त्यावर पेन्सिलीने पाच नावं, खाली आणखी चार-पाच नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. मुलगा अमेरिकेत स्टॉर्सला, युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकटमध्ये शिकायला गेला तेव्हापासूनची ही सवय. तो शिकून बाहेर पडला, कागद मात्र दरवर्षी लागतो. या विद्यापीठाला सगळे युकॉन म्हणतात आणि त्याच्या पुरुष संघाने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. हार्टफर्डच्या आसपास नव्याने आलेली मराठी मुलं आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईबाबा आमच्याकडे सामना बघायला बसतात, तेव्हा हमखास विचारतात, "कोण खेळणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं सगळी युकॉनची घेतली आहेत, कारण तो संघ मी जवळून बघितला आहे. रीत कुठल्याही कॉलेजला लागू पडते.

क्रिकेट बघणाऱ्यांनी आधी एक सवय सोडायची. आपल्याकडे नाणेफेकीला अकरा जण जाहीर झाले की बाकीचे पाणी घेऊन येण्यापुरते. बास्केटबॉलमध्ये पाच जण सुरुवात करतात, पण बदल कितीही वेळा करता येतात आणि सामना साधारण आठ-नऊ जण मिळून खेळतात. म्हणून "पहिल्या पाचात कोण" हा अर्धाच प्रश्न झाला. कोण किती वेळ खेळणार आणि त्या वेळात त्याच्याकडून काय हवं आहे, हा उरलेला अर्धा. माझ्या मते खरी गंमत त्याच अर्ध्यात आहे.

पायरी १ : गेलेल्यांची नावं आधी खोडा

कॉलेजचा संघ दरवर्षी मोडतो आणि नव्याने उभा राहतो. खेळाडू तीन वाटांनी जातात. कुणाची खेळण्याची वर्षं संपतात, कुणी एनबीए ड्राफ्टला (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीला) जातं, तर कुणी दुसऱ्या कॉलेजात बदली घेतं. ही तिसरी वाट २०२१ पासून फार रुंद झाली. पूर्वी कॉलेज बदललं की बहुधा एक वर्ष नुसतं बसून काढावं लागायचं. आता तसं नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये केलेली यादी जूनमध्ये खरी असेलच असं नाही.

मे महिन्याच्या शेवटाकडे खास लक्ष ठेवा. ड्राफ्टसाठी नाव दिलेले खेळाडू तोपर्यंत नाव मागे घेऊन कॉलेजात परत येऊ शकतात. २०२३ मध्ये ट्रिस्टन न्यूटनने असंच नाव मागे घेतलं आणि युकॉनचं पुढचं अख्खं वर्ष त्या एका निर्णयावर उभं राहिलं. २०२४ मध्ये ॲलेक्स काराबाननेही तेच केलं. म्हणून जूनच्या आधी मी पेन्सिल हातात घेत नाही.

पायरी २ : दोनशे मिनिटांचा हिशेब

घाई करू नका, ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. पुरुषांचा कॉलेज सामना ४० मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटं असतात. त्यात एकही वाढत नाही (जादा वेळ लागला तर गोष्ट वेगळी). नवशिके अंदाज बांधताना हे विसरतात. प्रत्येक आवडत्या खेळाडूला तीस-तीस मिनिटं देत सुटतात आणि बेरीज २६० वर जाते.

आता २०२३ च्या उन्हाळ्यातलं युकॉन घ्या. विजेत्या संघातले तीन पहिल्या पाचातले खेळाडू गेले : अदामा सनोगो, जॉर्डन हॉकिन्स, आंद्रे जॅक्सन. बाकावरून येणारे नहीम ॲलीन आणि जोई कॅल्कटेरा हेही गेले. सनोगो सरासरी २७ मिनिटांच्या जवळपास खेळायचा, हॉकिन्स आणि जॅक्सन सुमारे २९, ॲलीन १९ च्या आणि कॅल्कटेरा १५ च्या आसपास. बेरीज साधारण १२० मिनिटं. दोनशेपैकी एकशेवीस रिकामी!

हा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहा. नवीन कोण किती मोठा, याची चर्चा नंतर. आधी घरात जागा किती रिकामी झाली ते मोजायचं. जिथे पन्नासच मिनिटं मोकळी आहेत तिथे चार नावाजलेले नवे खेळाडू आले, तरी त्यातले दोन बसणार, हे ऑक्टोबरमध्येच दिसतं.

आणि गुणांऐवजी मिनिटंच का मोजायची? जॅक्सनचंच बघा. २०२२-२३ मध्ये त्याचे सरासरी गुण सातसुद्धा नव्हते. नुसते गुण बघणारा म्हणेल, गेला तर गेला. पण तो इतका वेळ मैदानावर होता, कारण समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला तो अडवायचा, रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू) घ्यायचा आणि सामन्याला चारहून जास्त असिस्ट (ज्यावर सहकारी गुण काढतो असे पास) द्यायचा. कोच मिनिटं उगाच देत नाही. एखादा खेळाडू कोचला किती हवा आहे, ते त्याच्या मिनिटांतूनच कळतं.

पायरी ३ : उरलेल्यांना बसवा

जे परत आले त्यांना आधी जागा द्या. साधा नियम असा, की गेल्या वर्षी सुरुवात करणारा परत आला तर तो बहुतेक वेळा पुन्हा सुरुवात करतो. २०२३ साठी न्यूटन आणि काराबान ही दोन नावं अशीच डोळे मिटून लिहिता आली.

खरं कौशल्य लागतं ते बाकावरून वर येणारा ओळखताना. डोनोव्हन क्लिंगन, उंची ७ फूट २ इंच, पहिल्या वर्षी सनोगोच्या मागे जेमतेम १३ मिनिटं खेळायचा. तेवढ्यात ६.९ गुण आणि ५.६ रिबाउंड. त्रैराशिक मांडा : ४० मिनिटांना किती? गुण सुमारे २१ आणि रिबाउंड १७. असा आकडा दिसला की वरची जागा रिकामी व्हायचा अवकाश, तो वर येणारच. आलाही. पुढच्या वर्षी त्याने सरासरी १३ गुण काढले.

पण त्रैराशिकावर आंधळा विश्वास नको. क्लिंगन वर आला तरी त्याला मिळाली ती २२-२३ मिनिटं. इतक्या उंच, जड शरीराच्या खेळाडूचा दम, पायाच्या दुखापती आणि फाउल या तीन गोष्टी मिनिटांना वरून झाकण घालतात. कॉलेजात पाच फाउल झाले की खेळाडू बाद, आणि पहिल्या भागात दोन झाले की बरेच कोच त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. बचावात फाउलचा सर्वांत जास्त धोका सेंटरला, म्हणजे रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला. त्यामुळे सेंटरच्या नावापुढे मी तीसच्या वर आकडा सहसा लिहीतच नाही.

दुसऱ्या वर्षातल्या खेळाडूंकडेही नीट बघा. सॉलोमन बॉल पहिल्या वर्षी सरासरी तीन-साडेतीन गुणांचा खेळाडू होता. दुसऱ्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, तो चौदाच्या वर गेला. अशी उडी आधीच हेरायची तर गेल्या मोसमात तो अडचणीच्या वेळी कुठे दिसला ते आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टेफॉन कॅसलचा गुडघा दुखावला तेव्हा कोचने सुरुवातीला उभं केलं होतं ते बॉललाच, पहिल्या वर्षाच्या पोराला. कोचच्या मनातला क्रम अशाच प्रसंगी उघडा पडतो.

पायरी ४ : नवे दोन प्रकारचे

शाळेतून थेट आलेले, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेले. दोघांना वेगळ्या काट्यावर तोलायचं.

शाळेतून आलेल्या मुलाबरोबर त्याचं मानांकन येतं. देशातल्या पहिल्या दहा-पंधरांत असलेला मुलगा बहुधा पहिल्या दिवसापासून खेळतो. पन्नासाच्या पुढे गेलात की त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, पहिलं वर्ष शिकण्यातच जातं. काराबान तर जानेवारी २०२२ मध्येच कॉलेजात दाखल झाला आणि तो मोसम न खेळता नुसता सराव करत राहिला. याला रेडशर्ट म्हणतात. खेळण्याचं एक वर्ष शिल्लक राहतं. पुढच्या मोसमात तो सुरुवात करायला लागला तेव्हा कागदावर "पहिल्या वर्षाचा" होता, पण कोचची पद्धत त्याच्या अंगवळणी पडली होती. संघाच्या यादीत नावापुढे रेडशर्ट दिसलं की मी दोन-चार मिनिटं वाढवून लिहिते.

बदली घेऊन आलेल्याच्या बाबतीत मोह जास्त, कारण त्याचे कॉलेजातले आकडे समोर असतात. इथेच मी चुकले, आणि ती चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२०२३ मध्ये कॅम स्पेन्सर रटगर्सहून आला. तिथे तो सामन्याला तेरा गुण काढायचा आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा नेम ४३ टक्क्यांच्या आसपास होता. युकॉनमध्ये काय रिकामं झालं होतं? हॉकिन्सची जागा, म्हणजे सहकाऱ्यांच्या आडोशाने सतत पळत राहायचं आणि चेंडू हातात आला की लगेच बाहेरून मारायचा. स्पेन्सर नेमकं तेच करणारा. जागा आणि माणूस असे चपखल जुळले की त्याने वर्षभर सरासरी चौदाच्या वर गुण काढले.

२०२४ मध्ये एडन महेनी सेंट मेरीजहून आला. तिथल्या दोन्ही वर्षांत सरासरी जवळजवळ चौदा गुण. मी डोळे मिटून त्याला पाचात घातलं, नावापुढे २८ मिनिटं लिहिली. घडलं असं, की तो बाकावरूनच येत राहिला आणि सरासरी पाच गुणांच्याही खाली उतरली. मी काय बघितलं नाही? सेंट मेरीजमध्ये चेंडू बहुतेक त्याच्याच हातात असायचा आणि तो सावकाश, स्वतःच्या लयीत गुण काढायचा. युकॉनची आक्रमणाची पद्धत अगदी वेगळी : चेंडू एकाच्या हाती थांबत नाही, सगळे पळत असतात. शिवाय युकॉनचा डॅन हर्ली हा बचावात कसर खपवून घेणारा कोच नाही. पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्याची, जागा मिळाली हसन डियाराला. तो दोन वर्षं बाकावरून येत होता आणि २०२४ मध्ये युकॉन खेळतं त्या बिग ईस्ट लीगचा सर्वोत्तम सहावा (म्हणजे बाकावरून येणारा) खेळाडू ठरला होता. गुण कमी, पण बचाव चिवट आणि पद्धत पाठ.

तेव्हापासून बदली घेणाऱ्याच्या नावापुढे गुण लिहायच्या आधी मी दोन प्रश्न लिहिते. तिथे चेंडू किती वेळ याच्या हातात असायचा? आणि इथे तेवढा वेळ मिळेल का?

पायरी ५ : कोचची खोड ओळखा

खेळाडू बदलतात, कोच दहा-दहा वर्षं तोच असतो आणि त्याच्या सवयी सुटत नाहीत. मागच्या दोन-तीन मोसमांची सामन्यागणिक मिनिटं काढून बसा. एक संध्याकाळ लागते, पण तिचा उपयोग वर्षभर होतो.

हर्लीच्या बाबतीत मला दिसलेलं हे बघा. २०२२-२३ : सनोगो जवळपास २७ आणि क्लिंगन १३, बेरीज ४०. २०२३-२४ : क्लिंगन २२-२३ आणि सॅमसन जॉन्सन १६-१७, बेरीज पुन्हा चाळिसाला टेकलेली. २०२४-२५ : जॉन्सन आणि मिशिगनहून आलेला टॅरिस रीड, जवळपास निम्मी-निम्मी. म्हणजे सेंटरची ४० मिनिटं हा कोच दोन उंच माणसांत वाटतो आणि दोघांना एकत्र सहसा खेळवत नाही. हे एकदा कळलं की सेंटरचा रकाना आपोआप भरतो.

त्याच उदाहरणात दुसरी खोडही आहे. रीडचे आकडे जॉन्सनपेक्षा भारी होते, तरी सुरुवात करायचा जॉन्सन. तो चौथ्या वर्षाचा, पद्धत मुरलेला. पण त्याला फाउल लवकर लागायचे आणि रीड पाच-सहा मिनिटांतच आत यायचा. सुरुवात कोणाची, यावरून भांडत बसणाऱ्यांना मी हेच दाखवते. काही कोच सुरुवात अनुभवाला देतात आणि शेवट कर्तबगारीला.

पायरी ६ : भूमिका वाटा

आता पाच नावं आहेत, मिनिटं आहेत. प्रत्येकाचं काम काय? पुस्तकात १ ते ५ अशी क्रमांकांची पद्धत सापडेल : पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर. शिकायला ती ठीक आहे, पण आजच्या कॉलेज खेळात मधल्या तीन क्रमांकांच्या सीमा पुसट झाल्या आहेत. त्यापेक्षा मी कामं लिहिते : चेंडू पुढे कोण आणणार, बाहेरून नेम कोण धरणार, समोरच्या तगड्या गार्डला कोण अडवणार, रिंगखाली कोण उभा राहणार, आणि पडेल ते काम कोण करणार. कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच उमगतं. सातही चढाईपटू घेऊन संघ होत नाही. कोपरा सांभाळणारा लागतोच.

२०२३ ची वाटणी या नजरेने बघा. सनोगोची जागा क्लिंगनला, हॉकिन्सचं काम स्पेन्सरला. जॅक्सनचं काम कोणाला? ते गेलं स्टेफॉन कॅसलकडे. हा मुलगा शाळेत चेंडू हाताळणारा मुख्य गार्ड होता, मोठं नाव घेऊन आला होता. पण न्यूटन परत आल्यामुळे चेंडू न्यूटनकडेच राहणार होता. ६ फूट ६ इंच उंची, मजबूत अंग, पाय झटपट. मग उरलेलं काम तेच : समोरच्याच्या हुकमी खेळाडूला बांधून ठेवणं. कॅसलने ते मनापासून केलं. सरासरी अकरा गुण, पण मिनिटं २७. अंतिम चौघांच्या फेरीत अलाबामाविरुद्ध त्याने २१ गुणही काढले, आणि त्या उन्हाळ्यात एनबीए ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. मुलाने शाळेत काय केलं यापेक्षा संघात काय उणं आहे, ते बघा.

इथे एक आकडा उपयोगी पडतो : खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या हातून संपतात. फटका, फ्री थ्रो किंवा चेंडू गमावणं, असं सगळं त्यात येतं. पाच जणांची बेरीज शंभर, म्हणजे सरासरी वाटा वीस टक्के. केनपॉम आणि बार्ट टॉर्विक यांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळांवर तो सापडतो. तुमच्या पाचांतले चौघे आपापल्या जुन्या संघात पंचवीस-पंचवीस टक्क्यांचे असतील, तर कोणाला तरी खाली यावं लागणार. तो कोण, हे ओळखणं म्हणजेच भूमिका ओळखणं.

आणि एखादं काम रिकामंच राहिलं तर तेही प्रामाणिकपणे लिहा. २०२४ मध्ये न्यूटन, स्पेन्सर, कॅसल आणि क्लिंगन एकदम गेले. गुण भरून काढायला लियम मॅकनीली हा नवा नेमबाज आला, बॉल वर आला. पण कॅसलसारखा अडवणारा आणि क्लिंगनसारखा रिंग राखणारा यांच्या जागी कोण? माझ्या कागदावर त्या दोन रकान्यांत प्रश्नचिन्हं होती. नोव्हेंबरमध्ये हवाईतल्या माउईच्या स्पर्धेत युकॉन मेम्फिस, कोलोरॅडो आणि डेटन यांच्याशी तीन दिवसांत तिन्ही सामने हरलं. सलग दोनदा जिंकलेल्या संघाचं असं झालेलं बघताना घरात सगळे गप्प होते. पण प्रश्नचिन्हं होती तिथेच भगदाड पडलं होतं.

पायरी ७ : नोव्हेंबरमध्ये ताळा करा

मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. पहिले काही सामने घरच्या मैदानावर, बऱ्याचदा दुबळ्या संघांशी. तीस गुणांची आघाडी असली की शेवटची दहा मिनिटं बाकावरची मुलं खेळतात, त्यामुळे तिथल्या मिनिटांवर विसंबू नका. दहा गुणांच्या आत सुटलेले सामने तेवढे निवडा आणि त्यातही शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर कोण होतं ते टिपा. कोचचे खरे पाच ते.

मार्चच्या आसपास एक दिवस फसगत करतो. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंचा सत्कार असतो, आणि वर्षभर क्वचितच खेळलेल्या, शिष्यवृत्ती नसलेल्या एखाद्या मुलालाही कोच त्या दिवशी सुरुवातीला उभा करतो. त्याचे आईवडील मैदानावर येतात, हार-फुलं होतात. तो बदल कागदावर घेऊ नका, पण तो सामना चुकवूही नका.

विद्यार्थ्यांना एक विनंती. वसतिगृहात, वर्गात, जेवणाच्या रांगेत खेळाडू तुम्हाला भेटतील. त्यांच्या दुखापतीबद्दल खोदून विचारू नका आणि कानावर आलेलं पसरवू नका. ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत आणि अशा माहितीवर पैसे लावणारे लोक टपलेले असतात. अंदाज जाहीर आकड्यांवर बांधायचा.

सुरुवात एकाच संघापासून करा. कागद घ्या, वर रिकामी मिनिटं, खाली नऊ नावं, नावापुढे आकडा आणि एका ओळीत काम. बेरीज २०० आली का बघा. दहाव्या सामन्यानंतर त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने खरी मिनिटं लिहा, जुना आकडा खोडू नका. माझा २०२४ चा कागद ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे. महेनीपुढे पेन्सिलीचे २८, त्याखाली लाल शाईतला, त्याच्या निम्म्याहूनही लहान आकडा, आणि शेजारी मुलाच्या अक्षरात एकच शब्द : "डियारा".